पुढं बसवलेली माणसं

करंजओढा नावाच्या एका गावात द्वारका नावाची बाई पिठाची गिरणी चालवायची. नवरा गेल्यावर गिरणी तिनं स्वतःच्या हातात घेतली आणि गावाला तिच्या जिभेची सवय करून घ्यावी लागली. दळण ओलं आणलं तर ती पाटलाच्या सुनेलाही परत पाठवायची. "वाळवून आण. माझ्या गिरणीला चिखल पचत नाही." लोक हसायचे, पण तिच्यासमोर खोटं बोलायला कचरायचे.

गावाच्या वर, डोंगराच्या कुशीत एक तळं होतं. त्या तळ्याच्या पाझरावर गावच्या विहिरी भरायच्या. गावाबाहेर उघड्या माळावर वडारांची वस्ती होती. दगड फोडणारी, माती खणणारी माणसं. गावातल्या घरांचे चौथरे, विहिरींची बांधणी, देवळाच्या पायऱ्या, सगळं त्यांच्या आज्या-पणज्यांनी घडवलेलं. पण त्यांनीच बांधलेल्या विहिरीच्या काठावर त्यांची घागर कधी टेकली नाही. त्यांच्या बायका तळ्याखालच्या ओघळीत खड्डा उकरायच्या आणि वाटीवाटीनं पाणी भरायच्या. हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. त्यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. द्वारकालाही नाही.

एका उन्हाळ्यात तळ्याभोवती काटेरी तारेचं कुंपण पडलं. सरकारनं तळं शहरातल्या एका कंपनीला वापरायला दिलं होतं. तळ्याचं पाणी बाटल्यांत भरून ट्रकनं जाऊ लागलं. विहिरी तळाला गेल्या, ओघळीतला खड्डा कोरडा पडला. ज्या गावाच्या डोक्यावर पाणी होतं, त्या गावात टँकर येऊ लागला. टँकर दिसला की जन्माच्या मैत्रिणी एकमेकींच्या झिंज्या धरू लागल्या.

देवळात बैठक बसली. कुणी म्हणालं, अर्ज करू, नियमानं मागू. तरुण पोरं म्हणाली, कुंपण उखडू, ट्रक पेटवू. म्हाताऱ्यांचं म्हणणं पडलं, की गावानं जुनी रीत सोडली म्हणून हे झालं, गाव पूर्वीसारखं झालं की पाणी आपोआप परत येईल. एकजण म्हणाला, आधी प्रत्येकानं स्वतः सुधारावं, पाणी जपून वापरावं. चर्चा रंगली. चहा झाला. दुसऱ्यांदाही झाला.

बायका बाहेर पायरीवर बसून ऐकत होत्या. द्वारका उठली आणि दारातूनच म्हणाली, "तुमचं ठरलं की निरोप धाडा. तोवर आम्ही फाटकासमोर जाऊन बसतो."

ती खरोखरच जाऊन बसली. पहिल्या दिवशी तिच्याबरोबर मोजक्याच बायका होत्या. तिची धाकटी जाऊ शेवंता होती, चार शेजारणी होत्या. त्यांनी फाटकासमोर सतरंजी अंथरली. "तळं कुणाचं? गावाचं!" अशी घोषणा त्यांनीच जुळवली. ऊन चढलं की त्या गाणी म्हणायच्या. ट्रक अडू लागले तसे पुरुषही येऊ लागले.

मग एका सकाळी माळावरच्या बायका आल्या. त्यांच्या पुढं यल्लव्वा होती. हातोड्यानं दगड फोडून फोडून तिचे दंड पुरुषासारखे झाले होते. सतरंजीपासून थोडं लांब उभी राहून तिनं विचारलं, "अक्का, पाणी आमचंबी आटलंय. आम्ही बसलो तर चालंल का?"

द्वारका सरकली आणि तिनं सतरंजीवर हात थोपटला. "बस. उभी का?"

गावातले वजनदार गृहस्थ बापूराव हे पाहत होते. बापूराव गोड बोलायचे. गावातल्या प्रत्येक लग्नात ते मांडवाच्या दारात उभे असत आणि प्रत्येक मयतीला खांदा द्यायला पुढं. त्यांनी द्वारकाला बाजूला बोलावलं. "वहिनी, आली आहेत तर येऊ द्या. फक्त त्यांना पुढं बसवा. पोलीस आलेच तर आधी त्यांच्यावर येतील. चिवट असतात ही माणसं."

द्वारकाच्या ओठांवर शिवी आली होती. ती तिनं गिळली. आंदोलनात माणसं हवीत, आता कुठं वाद घालायचा, असं तिनं स्वतःला समजावलं. दुसऱ्या दिवशी माळावरच्या बायका पुढं बसल्या. मानानं पुढं बसवलं, असंच त्यांना वाटलं.

पोलीस आलेच. भर दुपारी लाठ्या चालल्या. मागची माणसं मागच्या मागं पांगली. पुढच्यांना पळायला वाव नव्हता. यल्लव्वाच्या उजव्या हाताचं हाड मोडलं. तोच तिचा हातोड्याचा हात.

त्या संध्याकाळी रस्त्याच्या कडेला सारं गाव जमलं. यल्लव्वा खाली बसली होती, हात गळ्यात बांधलेला. द्वारकाला राहवलं नाही. ती सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाली, "ऐका सगळे. पाणी सुटलं की पहिली तोटी माळावर बसंल. माझा शब्द आहे. गावाचा शब्द आहे. बोला, आहे का?"

"आहे!" लोक ओरडले. सर्वांत जोरात बापूराव ओरडले.

यल्लव्वाच्या मोडक्या हाताचा कुणीतरी फोटो काढला होता, तो मोबाईलवरून गावोगाव गेला. शहरात लोक चिडले. बड्या अधिकाऱ्यांच्या गाड्या आल्या, चौकशी बसली, आणि पावसाळ्याच्या तोंडावर कुंपण निघालं. करंजओढा जिंकलं! गुलाल उधळला. द्वारकाला ट्रॅक्टरवर चढवून मिरवलं. मिरवणूक गावभर फिरली. माळावर मात्र गेली नाही, कारण म्हणे तिकडचा रस्ता खराब होता.

तळ्याखाली टाकी बांधली गेली. गल्लीगल्लीत नळ आले. पाण्याची कमिटी झाली, बापूराव तिचे अध्यक्ष झाले. द्वारकाला त्यांनी उपाध्यक्ष केलं आणि हार घातला. माळाकडं जाणाऱ्या पाइपासाठी चारी खणायला घेतली होती. ती गावाच्या शिवेपर्यंत आली आणि थांबली.

यल्लव्वा गिरणीत आली. हात वाकडा जुळला होता. "अक्का, तोटीचं काय झालं?"

"होईल गं. कमिटीत विषय घेतलाय."

काही दिवसांनी ती पुन्हा आली. "अक्का, पोरी अजून ओघळीतच जातात."

"सांगितलं ना, होईल म्हणून? सारखं काय विचारतेस?" द्वारका खेकसली. मग तिची नजर त्या वाकड्या हातावर गेली आणि तिनं उगाचच पिठाच्या डब्याचं झाकण काढून परत लावलं. यल्लव्वा निघून गेली. त्यानंतर ती आली नाही.

कमिटीत द्वारकानं विषय काढला नाही असं नाही. तिनं काढला. बापूराव हसून म्हणाले, "वहिनी, शब्द दिला तेव्हा रागाचा भर होता. आता डोकं थंड ठेवून बघा. पाणी मोजकं आहे. माळाला दिलं तर खालच्या आळीला कमी पडेल. शिवाय ही माणसं मूळची इथली आहेत का? आज इथं दगड आहे म्हणून इथं आहेत."

"हात मोडला तेव्हा इथलीच होती ना, भावजी?"

"त्याबद्दल आपण साडी-चोळी देऊच की."

कमिटी हसली. द्वारका गप्प बसली. जिच्या तोंडाला सारं गाव भ्यायचं, ती बाई एका हारापायी गप्प बसली. कडू आहे, पण खरं आहे.

शेवटी माळावरच्या माणसांनी स्वतःच कुदळी उचलल्या आणि अर्धवट चारी पुढं खणायला घेतली. खणणं हा तर त्यांचा जन्माचा धंदा. पण दुसऱ्याच दिवशी गाव खवळून उठलं. शिवेवर, त्या चारीच्या तोंडाशी, माणसं येऊन बसली. "गाव राखा" असं नाव त्यांनी त्या बैठकीला दिलं. सतरंजी तीच होती. गाणी तीच होती. "तळं कुणाचं? गावाचं!" ही घोषणाही तीच. फक्त आधी ती कंपनीच्या तोंडावर फेकली होती, आता ती तहानलेल्या माणसांच्या तोंडावर फेकली जात होती. आणि म्हणणाऱ्यांचा आवाज जरासुद्धा कापत नव्हता! पहिल्या दिवशी फाटकासमोर बसलेल्या बायका आता इथं बसल्या होत्या. शेवंताही बसली होती.

घोषणा गिरणीपर्यंत ऐकू यायच्या. गिरणीचा आवाज मोठा. दळण नसलं तरी द्वारका ती चालू ठेवायची.

त्याच सुमारास तिला शहरातून बोलावणं आलं. आंदोलनांचं पुढं काय होणार, या विषयावर तिथं परिषद होती आणि करंजओढ्याच्या विजयाची कहाणी तिच्या तोंडून लोकांना ऐकायची होती. ती गेली. सभागृह भरलेलं होतं. तिच्याआधी एक प्राध्यापिका बोलल्या. केस पांढरे, आवाज साधा. त्या म्हणाल्या, "काही चळवळी नवा हक्क मागतात. काही आलेलं संकट थोपवतात. काही माणसाला आतून बदलू पाहतात. आणि काही चळवळी अशाही असतात, की दुसऱ्याच्या पदरात हक्क पडू नये म्हणून उभ्या राहतात. त्याही मोर्चे काढतात, उपोषणं करतात. बाहेरून बघणाऱ्याला फरक कळत नाही. म्हणून चळवळीला नेहमी एकच विचारावं, तू कुणाच्या वाटेत बसली आहेस?"

या बाईला आपल्या गावाचं कुणी सांगितलं, असं द्वारकाला वाटलं. कुणीच सांगितलं नव्हतं. गावोगाव हेच चाललं होतं.

तिचं बोलणं झालं. कुंपण, लाठ्या, गुलाल, सगळं तिनं सांगितलं. मग श्रोत्यांतून एक मुलगी उठली. "बाई, तो फोटो आम्ही सगळ्यांनी पाहिला होता. त्या बाईंच्या वस्तीवर पाणी गेलं का?"

होय म्हटलं असतं तरी तिथं खात्री करायला कोण येणार होतं? द्वारकानं माइक घट्ट धरला.

"नाही गेलं. आमच्याच गावानं अडवलंय. आणि मी घरात बसून आहे."

कुणीतरी टाळी वाजवली, आणि बघता बघता सारं सभागृह टाळ्या वाजवू लागलं. केवढा प्रामाणिकपणा, असं कुजबुजू लागलं. द्वारकाचं डोकं फिरलं.

"टाळ्या कशाला वाजवता?" ती ओरडली. "तिकडं बाई वाटीनं पाणी भरतीय आणि तुम्ही मला टाळ्या देताय? लाज वाटायला हवी. मलाही आणि तुम्हालाही!" ती व्यासपीठावरून उतरली आणि सत्काराची शाल तिथंच खुर्चीवर टाकून निघाली.

एसटीतून उतरली ती घरी न जाता थेट माळावर गेली. यल्लव्वा झोपडीपुढं डाव्या हातानं गिट्टी फोडत होती. तिनं मान वर केली. उठली नाही.

"काय काम काढलं, द्वारकाबाई?" तिनं आज अक्का म्हटलं नाही.

"चारी खणायला आलेय."

"तुझीच माणसं बसलीत तिथं."

"म्हणून तर आलेय. त्यांना ते मी शिकवलंय."

यल्लव्वानं हातोडा खाली ठेवला. "आम्हाला पुढं बसवलं, तवा तुला ठावं होतं?"

द्वारकाला खोटं बोलता आलं असतं. "ठावं होतं."

"जा मग तिकडं," यल्लव्वा म्हणाली आणि कोपऱ्यातल्या कुदळीकडं हात केला. "घे ती. दांडा ढिला हाय, जपून."

द्वारकानं कुदळ उचलली आणि शिवेवर गेली. सतरंजीवरची माणसं तिला बघून सरसावली. त्यांना वाटलं, आपल्याच बाजूनं आली. ती सतरंजी ओलांडून चारीत उतरली तेव्हा घोषणा अर्ध्यावर तुटली.

बापूराव पुढं आले. "वहिनी, हे काय? आपल्याच माणसांच्या विरोधात?"

"आपली माणसं कुठली, भावजी? लाठी चालली तेव्हा पळाली ती, की खाल्ली ती?"

"तळं गावाचं आहे!"

"माळ काय आभाळात आहे? कंपनीचा माणूसही असंच म्हणायचा. कागद दाखवायचा आणि म्हणायचा, तळं आमचं. त्यानं तारेचं कुंपण घातलं, तुम्ही माणसांचं घातलंत. त्याला निदान गाणी म्हणता येत नव्हती!"

शेवंता कळवळून म्हणाली, "जाऊबाई, घरी चला. कशाला सगळ्यांचा वाईटपणा घेता?"

"तू उठ आणि माझ्याबरोबर खण. मग घरी जाऊ."

शेवंता उठली नाही. कुणीच उठलं नाही. द्वारका अंधार पडेपर्यंत एकटी खणत राहिली. माणसं तिच्याकडं पाठ करून बसली.

दुसऱ्या दिवसापासून गिरणीत दळण आलं नाही. बायका डोक्यावर डबे घेऊन शेजारच्या गावी जाऊ लागल्या. वाटेत द्वारका भेटली तर पदर ओढून घ्यायच्या. कमिटीतून तिचं नाव काढलं गेलं. ती रोज सकाळी गिरणीला कुलूप लावायची आणि माळावर जायची. माळाकडून माणसं खणत यायची, त्यांच्यात तीही खणायची. शिवेजवळ आलं की काम अडायचं. सतरंजी हलत नव्हती. पावसाळा गेला, हिवाळा गेला.

आणि मग कंपनी परत आली. या वेळी तिला दाराशी धक्के खावे लागले नाहीत. कमिटीनंच तिला आत घेतलं. "गावात नळ आलेच आहेत. उरलेलं पाणी दिलं तर बिघडलं कुठं?" बापूराव गोड हसून म्हणाले. उरलेलं म्हणजे किती, हे कुणी विचारलं नाही. माळासाठी जे पाणी पुरत नव्हतं, ते कंपनीसाठी उरलं! उन्हाळा येईपर्यंत गावातले नळ फुसफुसू लागले आणि तळ्याभोवती आधीपेक्षा उंच कुंपण उभं राहिलं.

गाव पुन्हा फाटकासमोर गेलं. पण कुणाची शेती, कुणाचं दुकान, कुणाला बापूरावांची भीड. दुपारपर्यंत सतरंजीवर निम्मीच माणसं उरायची. ट्रक आला की तीही बाजूला व्हायची, कारण सर्वांत पुढं बसायला कुणीच तयार नव्हतं. फाटकावरचे रखवालदार हसायचे.

मग गावातली माणसं द्वारकाच्या दारात आली. शेवंता सगळ्यांच्या मागं उभी होती. "जाऊबाई, तुम्ही सांगाल तसं करतो. माळावरच्या लोकांना बोलवा. ती आली की गर्दी होईल."

"माझ्याकडं कशाला आलात? ती काय माझ्या गोठ्यात बांधलीत?" द्वारका म्हणाली. "तुमच्या पायांनी जा. तुमच्या तोंडानं बोला."

ती माणसं माळावर गेली, खाली माना घालून गेली. यल्लव्वानं त्यांना बसायला सांगितलं नाही, पाणीही विचारलं नाही. विचारायला पाणी होतं कुठं?

"येऊ," ती म्हणाली. "पण आधी चारी पुरी करा. आमी न्हाई खणणार. आमचं खणून झालंय. तुमच्या वाट्याची तुमी खणा. तोटीतनं पाणी पडलं की येऊ. आन येऊ तवा पुढं न्हाई बसणार. शेजारी बसू. एक तुमची बाई, एक आमची, आसं. जमत असंल तर सांगा, नसंल तर वाट मोकळी हाय."

एकजण पुटपुटला, "कंपनी पाणी उपसतीय आणि तुम्ही अटी घालताय? ही काय वेळ आहे?"

"व्हय," यल्लव्वा म्हणाली. "मागल्या बारीला आमी अट घातली न्हाई. त्यानं काय झालं ते बघितलं."

पहिली शेवंता वळली, घरून खोरं घेऊन शिवेवर गेली आणि चारीत उतरली. तिच्या हाताला फोड आले, ती रडली, शिव्या देत राहिली आणि खणत राहिली. मग इतरही आले. काही मनापासून आले, काही फक्त गरजेपोटी. खालच्या आळीतले काहीजण शेवटपर्यंत आलेच नाहीत. ज्यांनी दगडाला कधी हात लावला नव्हता, त्यांना त्या माळाचा खडक किती कठीण आहे ते तेव्हा कळलं. चारी पुरी झाली, पाइप पडला आणि माळावरच्या तोटीतून पाणी आलं. धार करंगळीएवढी होती, पण पाणी होतं.

त्याच दिवशी माळ फाटकासमोर आला. बायका ठरल्याप्रमाणे शेजारी शेजारी बसल्या. पोलीस आले तेव्हा सर्वांत पुढची ओळ कुणाची, हे त्यांना ओळखता येईना. पाटलाची सून आणि वडाराची लेक हातात हात गुंफून बसल्या होत्या. कुणावर आधी लाठी उचलायची, याचा अंदाज घेत साहेब बराच वेळ उभे राहिले आणि गाडी वळवून निघून गेले. अर्ज करणारे अर्ज करत राहिले, कोर्टात जाणारे कोर्टात गेले, बसणारे बसून राहिले. या खेपेला कुणी मधूनच उठलं नाही. पहिला पाऊस पडण्याआधी कंपनीनं यंत्रं उचलली.

कुंपण निघालं त्या दिवशी बापूराव गुलालाची थाळी घेऊन हजर झाले. ते दगडावर चढले, घसा साफ केला आणि म्हणाले, "बंधूंनो आणि भगिनींनो, आज आपण सर्वांनी मिळून..."

पण पाणी सुटायची वेळ झाली होती. बायका सतरंजी झटकून उठल्या, काही गावाकडं आणि काही माळाकडं चालू लागल्या. द्वारकानं गिरणीचं कुलूप काढलं. दारात दळणाचे डबे आधीच येऊन पडले होते, त्यांत माळावरचेही होते. तिनं पहिला डबा उघडला, मूठभर जोंधळा हातावर घेतला आणि हाक मारली, "कुणाचं गं हे? ओलं आहे. वाळवून आण!"

तात्पर्य: जी चळवळ स्वतःपुरतं मिळवून थांबते, ती पुढं दुसऱ्याची वाट अडवायला बसते. ज्यांना लाठी खायला पुढं बसवलं, त्यांना पाणी भरायलाही शेजारी उभं करता येत नसेल, तर त्या चळवळीला भविष्य मागायचा अधिकार नाही.